तिसरी भोवळ

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

वय ३३, शाळेत शिक्षिका. तीन वर्षांत तीनदा शुद्ध हरपून पडले. पहिल्यांदा तपासणीसाठी रक्त देताना. दुसऱ्यांदा एका समारंभात, उन्हात पाऊण तास उभी राहिल्यावर. तिसऱ्यांदा दीड महिन्यापूर्वी, सकाळी पळताना. वर्षभर पळायचा सराव चालू आहे. त्या दिवशी तिसऱ्या किलोमीटरला काय झालं ते आठवतच नाही, डोळे उघडले तेव्हा मी जमिनीवर होते. हनुवटीला चार टाके पडले, तळहातांना मात्र खरचटलंही नाही. फिरायला आलेल्या एका बाईंनी घरी सोडलं. ‘तुमचे हातपाय झटकत होते,’ असं त्या म्हणाल्या. आई म्हणते अशक्तपणा आहे, लोहाच्या गोळ्या घे. भाऊ म्हणतो फीट आली, मेंदूचा स्कॅन कर. नवरा म्हणतो, तू सगळं मनाला लावून घेतेस. आधीच्या दोन्ही वेळी डॉक्टर ‘काही नाही’ म्हणाले होते, म्हणून या वेळी टाके घालताना ‘पाय अडखळला’ एवढंच सांगितलं. पुढच्या महिन्यात मुलांना घेऊन डोंगरावरच्या शिबिराला जायचं आहे. शाळेत कळलं तर जबाबदारीची कामं काढून घेतील. माझी प्रकृतीच अशी आहे असं समजून गप्प बसू का? की या तिघांपैकी कोणाचं ऐकू? आई जरा जास्तच घाबरते, कारण तिचा भाऊ २७व्या वर्षी पोहताना बुडून गेला, चांगला पट्टीचा पोहणारा असून.

उत्तर:

तिघांपैकी कोणाचं ऐकायचं ते नंतर बघू. आधी एवढं करा: हृदयाची तपासणी होईपर्यंत पळणं, पोहणं आणि गाडी चालवणं बंद ठेवा, आणि याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. सुट्टी मिळाली की जाऊ, शिबिर झालं की जाऊ, असं नको. तुम्हाला घाबरवावं म्हणून हे लिहीत नाही. पण तुमच्या पत्रातल्या तीन गोष्टी वाचून मी थबकले, आणि त्या तिन्ही तुम्ही अगदी जाता जाता लिहिल्या आहेत. तुम्ही पळता पळता पडलात. हातांना खरचटलं नाही. आणि मामा पोहताना गेले.

तीन वेळा पडलात आणि तिन्ही वेळांना मिळून तुम्ही एकच नाव दिलंत, ‘माझी प्रकृतीच अशी’. माझं तुमच्याशी पटत नाही ते इथे. डॉक्टर ‘काही नाही’ म्हणाले ते पहिल्या दोन वेळांबद्दल. तिसऱ्या वेळेबद्दल त्यांना कोणी विचारलेलंच नाही. टाके घालणाऱ्या डॉक्टरांना खरं सांगितलं असतं, तर त्यांनी तिथेच ईसीजी काढला असता.

शुद्ध हरपते तेव्हा शरीरात काय होतं ते आधी पाहू, म्हणजे मी या तिन्ही वेळा वेगळ्या का करते आहे ते लक्षात येईल. मेंदूला रक्ताचा साठा करून ठेवता येत नाही. सहा ते आठ सेकंद रक्त पोचलं नाही, तरी माणूस कोसळतो. आडवा झाला की डोकं आणि हृदय एका पातळीला येतात, रक्त पुन्हा पोचतं आणि मिनिटाच्या आत तो भानावर येतो. इथपर्यंत सगळ्या भोवळी सारख्याच. प्रश्न असतो तो रक्त का पोचलं नाही याचा. रक्तवाहिन्या सैलावून रक्त खाली साचलं? अंगात रक्त किंवा पाणीच कमी होतं? की ते वर ढकलणारं हृदयच क्षणभर चुकलं?

तुमची पहिली वेळ रक्तवाहिन्या सैलावण्याची. सुई, रक्त, तीव्र वेदना किंवा एखादी धक्कादायक बातमी यांमुळे काही जणांची व्हेगस नावाची नस (हृदयाची गती मंदावणारा मज्जातंतू) एकदम जोरात काम करू लागते. नाडी मंदावते, रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब झरकन उतरतो. मी विद्यार्थिनी असताना शस्त्रक्रिया बघायला उभी होते. आधी जांभया आल्या. मग मास्कच्या आत गरम वाटायला लागलं आणि मानेवर गार घाम फुटला. बोलणाऱ्यांचे आवाज लांबून, पाण्याखालून यावेत तसे येऊ लागले, आणि दिसणं कडेकडेने काळं होत गेलं. तिथल्या ज्येष्ठ परिचारिकेने माझा पांढरा पडलेला चेहरा पाहिला आणि खांदा दाबून म्हणाली, ‘बस. जमिनीवर. आत्ता.’ मी बसले आणि शुद्ध गेली नाही. हे सविस्तर सांगते आहे ते अशासाठी, की अशा भोवळीआधी अंग सूचना देतं. बहुतेकांना बसायला, टेकायला, निदान हात पुढे करायला वेळ मिळतो.

दुसरी वेळही याच घरातली. उभं राहिलं की साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. चालताना पोटऱ्यांचे स्नायू ते वर ढकलत राहतात, एका जागी निश्चल उभं राहिलं की ढकलत नाहीत. त्यात ऊन असलं की कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि घामावाटे पाणीही जातं. धडधाकट माणसंही अशी पडतात. दर दहांतल्या चौघांना आयुष्यात एकदा तरी भोवळ येऊन जाते, असा अंदाज आहे.

आता तिसरी वेळ. पळताना पोटऱ्या जोरात काम करत असतात, रक्त खाली साचायला वावच नसतो. पळणं थांबवल्यावर, वेग कमी करून उभं राहिल्यावर भोवळ आली असती तर मी इतकी काळजी केली नसती, कारण पोटऱ्यांचा पंप एकदम थांबल्यावर असं होऊ शकतं. पण तुम्ही लिहिता की पळतच होता. आणि तुमची हनुवटी फुटली पण तळहात कोरे राहिले. पाय अडखळून पडणारा माणूस हात पुढे टाकतो. ते त्याच्या हातात नसतं, आपोआप होतं, म्हणून अशांचे तळहात आणि मनगटं सोलवटतात. तुम्ही जमिनीवर आपटायच्या आधीच शुद्ध गेली होती. घाम नाही, अंधारी नाही, मळमळ नाही. ऐन श्रमात, कुठलीही सूचना न देता शुद्ध गेली, तर हृदय निर्दोष आहे असं सिद्ध होईपर्यंत संशय हृदयावरच घ्यायचा असतो.

मामांबद्दल जपून लिहिते, कारण बुडण्याची कारणं अनेक असतात आणि मी त्यांना पाहिलेलं नाही. पण पट्टीचा पोहणारा तरुण माणूस पाण्यात गेला, तर डॉक्टर विचारतातच: तो बुडाला म्हणून गेला, की शुद्ध गेली म्हणून बुडाला? हृदयातल्या विजेचे काही दोष घराण्यात चालत येतात. त्यातला एक ‘लाँग क्यूटी’. यात प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा सज्ज व्हायला जास्त वेळ लागतो आणि त्या फटीत ठोक्यांची लय बिघडू शकते. याच्या एका प्रकारात ही लय श्रम करताना बिघडते, आणि पोहणं हे त्याचं अगदी ओळखीचं निमित्त आहे. दुसरा आजार हृदयाचा स्नायू जाड होण्याचा, तोही पिढ्यान्‌पिढ्या चालतो. तुम्हाला यातलं काही आहे असं मी म्हणत नाही. सगळं नीट निघण्याचीही पुरेपूर शक्यता आहे. पण हे बघितल्याशिवाय गप्प बसायचं नाही, कारण सापडलं तर यावर चांगले उपचार आहेत. बऱ्याच जणांना हृदयाची धडधड आवरणाऱ्या रोजच्या बीटा ब्लॉकर गोळ्या पुरतात, काहींना छातीत छोटं यंत्र बसवावं लागतं.

डॉक्टरांकडे गेल्यावर ईसीजी निघेल. त्यात काही सापडलं नाही म्हणून समाधान मानून परत येऊ नका. साधा ईसीजी दहा सेकंदांची नोंद असते, आणि तुमची गडबड दीड महिन्यापूर्वी झाली. त्या दहा सेकंदांत लाँग क्यूटीसारख्या खुणा दिसू शकतात, नेहमीच दिसतात असं नाही. म्हणून पुढे टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी), डॉक्टरांच्या देखरेखीखाली ट्रेडमिलवरची चाचणी, आणि दिवसभर किंवा त्याहून जास्त काळ छातीला लावून ठेवायचा, ठोक्यांची नोंद करणारा होल्टर असं एकेक येतं. तरीही कोडं सुटलं नाही तर कातडीखाली बसवायचा छोटा लूप रेकॉर्डर असतो. तो सुमारे तीन वर्षं ठोक्यांवर नजर ठेवतो. आणि अलीकडे घेतलेल्या सगळ्या औषधांची नावं सांगा, अगदी सर्दीच्या आणि उलटीच्या गोळ्यांचीही. अ‍ॅझिथ्रोमायसिनसारखी काही प्रतिजैविकं, डोम्पेरिडोन, ऑन्डॅन्सेट्रॉन अशी औषधं क्यूटी, म्हणजे ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज व्हायचा तो काळ, लांबवू शकतात.

आता घरातल्या तिघांकडे वळू.

भावाचा तर्क चुकीचा नाही, अपुरा आहे. हातपाय झटकले म्हणजे फीट, असं बहुतेकांना वाटतं. १९९४ साली जर्मनीतले मेंदूविकारतज्ज्ञ थॉमस लेम्पर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम भोवळ आणली आणि त्याचं चित्रीकरण केलं. पूर्ण शुद्ध गेलेल्यांपैकी दहांतल्या नऊ जणांचे हातपाय झटकले. बहुतेकांचे डोळे उघडे होते, नजर वर गेली होती, आणि हे सगळं सरासरी बारा सेकंदांत आटोपलं. म्हणजे रक्त न पोचलेला मेंदूही झटके देतो. फिटमध्ये झटके बहुधा एका लयीत, मिनिटभर किंवा जास्त चालतात, जीभ कडेला चावली जाते, चेहरा निळसर पडतो, आणि नंतर बराच वेळ माणूस गोंधळलेला असतो. भोवळीत चेहरा पांढराफटक, झटके थोडे आणि अनियमित, आणि जाग आल्यावर आपण कुठे आहोत ते लगेच कळतं. लघवी होणं मात्र दोन्हीत घडू शकतं, त्यावरून काही ठरवू नका. मेंदूचा स्कॅन यात पहिली तपासणी नव्हे. मला खरी काळजी वेगळीच वाटते: लाँग क्यूटी असलेल्यांवर फिटचा शिक्का बसून वर्षानुवर्षं फिटच्या गोळ्या चालू राहिल्याची उदाहरणं वैद्यकात आहेत, आणि तेवढा काळ हृदयाकडे कोणी बघितलेलंच नसतं.

आईचा अशक्तपणा तपासायला सोपा. हिमोग्लोबिन बघा. गरोदर नसलेल्या बाईचं ते १२ ग्रॅमच्या खाली असेल तर रक्त कमी आहे, आणि पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर तेही सांगा. रक्त कमी असलं की धाप लागते, थकवा येतो, उन्हात उभं राहिल्यावर लवकर अंधारी येते. पण तिसऱ्या किलोमीटरला दिवा विझल्यासारखं पडणं एवढ्याने समजावता येत नाही. गोळ्या घ्यायच्या तर घ्या, त्यांच्या भरवशावर थांबू नका.

नवऱ्याच्या बोलण्याने तुम्हाला लागलं आहे, हे पत्रावरून जाणवतं. तुमच्या पहिल्या भोवळीतसुद्धा मन दुबळं असण्याचा संबंध नाही. सुई पाहून रक्तदाब उतरणं ही नसेची प्रतिक्रिया आहे, ती धिप्पाड माणसांनाही होते. मानसिक ताणातून शुद्ध गेल्यासारखे झटके येतात हेही खरं. त्यात डोळे बहुधा मिटलेले असतात, माणूस बराच वेळ तसाच पडून राहतो, आणि तोही नाटक करत नसतो, त्यालाही उपचार लागतात. तुमच्या वर्णनात त्यातलं काही दिसत नाही. नवऱ्याला हे उत्तर वाचायला द्या आणि तपासणीला बरोबर न्या. घाबरण्याचा दोष तुम्हाला लावता येणार नाही, तुम्ही तर दीड महिना गप्प बसलात.

साधी भोवळ येणाऱ्या इतर वाचकांसाठीही थोडं लिहिते, कारण पुढे तुम्हालाही ते लागेल. रक्त द्यायचं असेल तर आडवं पडून द्या आणि आधीच तसं सांगा. सूचना मिळाली की लाज बाजूला ठेवून लगेच आडवं व्हा, जमलं तर पाय उंच करा. आडवं होणं शक्यच नसेल तर पायांची कैची घालून मांड्या, नितंब आणि पोट घट्ट आवळा, किंवा दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात बाहेर ओढा. स्नायू आवळले की साचलेलं रक्त वर ढकललं जातं. ज्यांना हे शिकवलं आणि ज्यांना नाही, अशा भोवळीच्या रुग्णांची तुलना करणारी चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. न शिकवलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना पुन्हा भोवळ आली, शिकवलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून कमी जणांना. पाणी भरपूर प्या. मीठ वाढवायचं का ते मात्र डॉक्टरांना विचारूनच, कारण रक्तदाब जास्त असलेल्यांना ते चालत नाही.

घरात वयस्कर माणूस असेल तर ‘पाय घसरला’ हे उत्तर मान्य करू नका. वृद्धांना शुद्ध गेल्याचं पुष्कळदा आठवतच नाही, पडल्याचं तेवढं आठवतं. रात्री लघवीला एकदम उठल्यावर पडणं, दाढी करताना किंवा मान वळवताना अंधारी येणं, खोकल्याच्या उबळीत शुद्ध जाणं, यांची कारणं वेगवेगळी असतात. रक्तदाब आडवं असताना आणि मग उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत मोजून बघा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० उतरला, तर उठण्याने रक्तदाब पडतो आहे. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्यांनी असं होऊ शकतं. गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांकडून वेळ आणि मात्रा बदलून घ्यायची.

शाळेचा प्रश्न मला तुमच्याइतकाच मोठा वाटतो. मेहनतीने मिळवलेलं काम ‘हिला झेपत नाही’ म्हणून कोणी काढून घेईल, ही भीती खोटी नाही. तरी शिबिरात तुमच्या मागे मुलं असतील, आणि कड्याच्या वाटेवर तुम्ही सूचना न मिळता कोसळलात तर तुमच्याबरोबर त्यांचाही जीव धोक्यात येईल. मुख्याध्यापकांना सगळा इतिहास सांगायची गरज नाही. ‘पळताना शुद्ध हरपली, तपासण्या चालू आहेत, अहवाल येईपर्यंत डोंगरावर मुलांची जबाबदारी घेणार नाही, शिबिराची बाकी आखणी मी करते,’ एवढं पुरे. असं स्वतः येऊन सांगणाऱ्या शिक्षिकेवर मी माझी मुलं सोपवली असती.

आणि रोज शेजारी असणाऱ्या एका तरी सहकाऱ्याला सांगून ठेवा. तुम्ही पडलात तर उठवून बसवायचं नाही, आडवंच ठेवायचं, पाय वर धरायचे, तोंडात पाणी किंवा दातांत काहीही घालायचं नाही, आणि घड्याळ बघायचं. मिनिटभरात जाग आली नाही, किंवा छातीत दुखतंय, धाप लागतेय असं म्हणालात, तर रुग्णवाहिका बोलवायची. जाग नाही आणि श्वास नाही, किंवा मधूनच आचके दिल्यासारखा श्वास येतो आहे, तर हृदय थांबलं आहे असं समजून रुग्णवाहिकेला कळवायचं आणि लगेच छाती दाबायला सुरुवात करायची. आचके म्हणजे श्वास चालू आहे असं वाटून लोक थांबून राहतात, आणि त्यात मोलाची मिनिटं जातात. शाळेत कोणाला हे येत नसेल तर शिबिराच्या निमित्ताने सगळ्यांनाच शिकवून घ्या.

डॉक्टरांकडे जाण्याआधी एक पानभर लिहून काढा. आपल्या भाषेत ‘चक्कर’ हा शब्द फार मोठा आहे. खोली गरगर फिरली तरी चक्कर, तोल गेला तरी चक्कर, अंधारी आली तरी चक्कर, शुद्ध गेली तरी चक्करच. गरगरणं बहुधा कानाच्या आतल्या भागातून येतं, शुद्ध जाणं तिथून येत नाही. म्हणून तो शब्द न वापरता घडलं तसं लिहा: त्या सकाळी किती वेळ पळत होता, वेग वाढवला होता का, छातीत धडधडलं का, शेवटचं काय आठवतं, त्यानंतर पहिलं काय आठवतं. मधला भाग तुम्हाला माहीत नाही, पण तो पाहणारी एक व्यक्ती आहे. त्या बाईंना भेटा किंवा फोन करा. तुमचा चेहरा पांढरा होता की निळा, डोळे उघडे होते का, झटके पडल्याबरोबर सुरू झाले की काही क्षणांनी, किती वेळ चालले, जाग आल्यावर तुम्ही पहिलं वाक्य काय बोललात, हे विचारा. दिवस जातील तसं आठवणं पुसट होत जाईल, म्हणून आजच विचारा. कुठल्याही यंत्रातून मिळणार नाही अशी माहिती त्यांच्याकडे आहे.

राहिली आई. तिला मामांबद्दल विचारावं लागेल: याआधी कधी ते असे पडले होते का, लहानपणी त्यांना फिटा येतात असं कोणी म्हणायचं का, घरात आणखी कोणी तरुणपणी अचानक गेलं का. हा विषय तिने इतकी वर्षं दाबून ठेवला असेल. घाईत, स्वयंपाकघरातून जाता-येता विचारू नका, शेजारी बसून विचारा. घराण्यातला दोष असलाच, तर तो मामांकडून थेट तुमच्याकडे आलेला नसणार, तुमच्या आईतून आलेला असणार. म्हणून तपासणीला जाल तेव्हा तिलाही बरोबर न्या, आणि मामांची हकीकत सांगून तिचाही ईसीजी काढून घ्या.